बाळंतपणानंतरचे दोन तास

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ हे वाक्य आपल्या घरोघरी वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी ऐकू येते. लहानपणी आम्हांस वाटे की हे केवळ कळांच्या त्रासाविषयी बोलणे आहे. कळा संपल्या, मूल रडले, की संकट टळले. बहुतेकांची समजूत आजही अशीच असते. परंतु वैद्यकशास्त्राचा हिशेब निराळा आहे. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांपैकी फार मोठा भाग मूल सुखरूप जन्मल्यानंतर, घरात आनंदीआनंद चालू असताना, दगावतो. या लेखात आम्ही मुख्यतः त्या पहिल्या दोन तासांविषयी लिहिणार आहोत, आणि त्या दोन तासांविषयी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांनी जगाला जे शिकविले त्याविषयी.

प्रथम घरातली गोष्ट सांगतो. १९६३ च्या आषाढात आमची धाकटी काकू खानापूर तालुक्यातील आमच्या गावी बाळंत झाली. सुईण अनुभवी होती. आम्हां भावंडांपैकी बहुतेकांची नाळ तिनेच कापलेली. मुलगी झाली, रडली, वार पडली. ‘मोकळी झाली’ म्हणून आजीने देवापुढे साखर ठेवली. अर्ध्या तासाने काकू म्हणाली, फार तहान लागली आहे. मग म्हणाली, कानांत घुमते आहे. आजीने पांघरूण वर केले तेव्हा खालचे लुगडे भिजून गेले होते. ते बदलले, दुसरे घातले, तेही भिजले. गाडी जुंपावी की सुईणीच्या हातगुणावर विसंबावे यात काही वेळ गेला. गाडी जुंपली तर ओढ्याला पाणी. ओढा उतरेपर्यंत वाट पाहिली. खानापूर दिसण्यापूर्वीच सगळे संपले होते. पुढे आयुष्यभर आजी सांगे, ‘चार लुगडी भिजली हो!’ तिच्यापाशी मोजण्याचे दुसरे माप नव्हते.

आता हे रक्त येते कोठून ते पाहू. गर्भ पूर्ण वाढला म्हणजे आईच्या शरीरातून गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटरभर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळाला पोसणारी वार जेथे चिकटलेली असते तेथे या रक्ताच्या वाहिन्या उघडतात. वार सुटली की त्या सर्व वाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. मग प्रत्येक बाळंतीण रक्तस्रावाने मरत का नाही? निसर्गाने तेथे मोठी युक्ती करून ठेविली आहे. गर्भाशयाचे स्नायू एकावर एक, आडवेतिडवे, विणकरीसारखे रचलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या फटींतून जातात. बाळ व वार बाहेर पडताच हे स्नायू आवळले जातात आणि वाहिन्यांना जणू गाठ मारली जाते. चांगले आवळलेले गर्भाशय बेंबीच्या सुमारास पोटावरून हाताला नारळासारखे कठीण लागते. ते मऊ लागू लागले, कणकेच्या गोळ्यासारखे लागले, तर गाठ सैल पडली असे समजावे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण हेच होय. वारेचा तुकडा आत राहणे, मार्गाला चीर पडणे आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतील बिघाड ही बाकीची कारणे. ती कमी आढळतात, पण असली म्हणजे नुसत्या औषधाने भागत नाही, हातांचे कसब लागते.

अशा रक्तस्रावाला आवर घातला नाही तर धडधाकट दिसणारी स्त्रीही दोनएक तासांत जाऊ शकते. बाळंतपणाच्या इतर संकटांत हाती काही अवधी असतो. अडलेली बाळंतीण दिवसभर तग धरते, ज्वराचा विकार दिवसांनी बळावतो. येथे घड्याळाच्या काट्यांवर सारे आहे. त्यात बाई मुळात पांढुरकी असेल तर दुसरीला सोसेल तेवढे रक्तही तिला सोसत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे दोघींपैकी एकीच्या घड्याळात मिनिटे आधीच कमी आहेत. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात ते चांगलेच; पण रक्त भरावयाचे असते ते आधीच्या सहा महिन्यांत, लोहाच्या गोळ्यांनी. त्या गोळ्यांनी शौचास काळे होते, मळमळते, म्हणून कित्येक घरांत त्या फळीवर पडून राहतात, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील दोन अभ्यासक स्त्रियांनी अशा मृत्यूंची चिकित्सा करून ‘तीन विलंबांची’ मांडणी केली: घरातल्या माणसांनी निर्णय घेण्यास लावलेला विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागलेला विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास झालेला विलंब. ती मांडणी आम्ही प्रथम वाचली तेव्हा काकूची गाडी डोळ्यांपुढे उभी राहिली. पहिला विलंब सुईणीपाशी, दुसरा ओढ्यापाशी. तिसऱ्यापर्यंत ती गेलीच नाही. यांतला दुसरा विलंब आता बराच घटला आहे. २००५ साली हैदराबादेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि मग ती सोय राज्याराज्यांत पसरली. त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्या. २००५-०६ साली देशातील शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ३९ दवाखान्यांत होत, ती २०१९-२१ पर्यंत ८८ च्या वर गेली.

आकडे बोलू लागले की त्यांचे खरे वजन कळते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात असा अंदाज दिला होता. लाखाच्या हिशेबात ते दोन हजार होतात. २०१८ ते २०२० या काळात देशाचा आकडा लाखामागे ९७ वर आला होता. पण हा सरासरीचा पडदा बाजूला केला तर त्याच काळात केरळ १९, महाराष्ट्र ३३, तेलंगण ४३, गुजरात ५७, कर्नाटक ६९, मध्य प्रदेश १७३ आणि आसाम १९५ असे चित्र दिसते. आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी इंदूर-ग्वाल्हेरकडे दिल्या आहेत, कित्येकांच्या बडोद्यास. देशावरून हद्द ओलांडताच आकडा कसा बदलतो हे त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचे उत्तम औषध फार वर्षांपासून आहे. पण ते सुईने द्यावे लागते आणि थंड जागी, दोन ते आठ अंश उष्णतामानात ठेवावे लागते. ज्या घरात बाळंतपण होते तेथे शीतकपाट नाही, सुई देणारे प्रशिक्षित माणूस नाही, वीजही कधी असते कधी नसते. तेथे काय करावे? मिसोप्रोस्टॉल नावाची साधी गोळी आहे. ती मूळची पोटातील व्रणावरची. ती गर्भाशयही आवळते, तोंडाने घेता येते, साध्या उन्हापावसात टिकते, आणि स्वस्त असते. खेड्यातल्या घरगुती बाळंतपणात तिचा खरोखरच उपयोग होतो का, हे कोणीतरी नीट पारखून पाहावयास हवे होते. ती पारख आपल्या बेळगाव जिल्ह्यात झाली.

बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत हा प्रयोग केला. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी त्यात होते. १६२० बाळंतिणींनी भाग घेतला. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, आणि करणाऱ्या आपल्या नेहमीच्या नर्सबाई, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. बाळ जन्मून नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, एकूण ६०० मायक्रोग्रॅम, देण्यात आल्या. ८०८ जणींना दिसावयास तशाच पण औषध नसलेल्या. कोणाला काय दिले हे नर्सबाईंस ठाऊक नव्हते. निष्पन्न असे झाले: औषध नसलेल्या गटात शंभरांपैकी बारा जणींचे ५०० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले, औषध घेतलेल्यांत ६.४ जणींचे, लिटरभर वा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. दर अठरा स्त्रियांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळला. थंडी वाजणे आणि थोडा ताप हा त्रास झाला, तो थोड्या वेळात ओसरला. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात हे सर्व छापून आले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, त्यामागच्या पुराव्यात बेळगावच्या या नर्सबाईंचा वाटा आहे.

निम्म्या बायकांना कोरी गोळी दिली हे योग्य झाले का, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आमच्याही मनात आला. त्या काळी अशा बाळंतपणांत रक्तस्राव टाळण्यासाठी आधीच औषध देण्याची सर्रास रीत नव्हती. कोऱ्या गोळीच्या गटाला तेव्हा मिळत होती तेवढी काळजी मिळत राहिली. शिवाय दोन्ही गटांत प्रशिक्षित नर्सबाई जवळ बसून रक्त मोजत होत्या. तरीही त्या आठशे आठ जणींचे ऋण नंतरच्या सर्व बाळंतिणींवर आहे, असेच आम्हांस वाटते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ही गोळी बाळ बाहेर आल्यावरच घ्यावयाची, आणि पोटात दुसरे जुळे नाही याची खात्री करूनच. कळा वाढाव्यात म्हणून ती आधी दिली तर गर्भाशय फाटू शकते. हीच गोष्ट ऑक्सिटोसिनच्या सुईची. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात ‘लवकर सुटका व्हावी’ म्हणून घरी बोलाविलेल्या एका इसमाने लागोपाठ सुया टोचल्या; आई वाचली, मूल वाचले नाही. बाळंतपणापूर्वी कळांची सुई द्यावयाचीच असेल तर ती दवाखान्यात, थेंब मोजून, शस्त्रक्रियेची सोय जवळ असताना.

बेळगावच्या प्रयोगाची दुसरी देणगी औषधाहूनही साधी आहे. रक्त किती गेले हे ठरवावयाचे कसे? आजीची लुगडी होती. डॉक्टर नजरेने अंदाज करीत. नजर फसते. वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. अर्धा लिटर पाण्यात कुंकू कालवून ते जुन्या लुगड्यावर ओतावे आणि घरातल्या माणसांना विचारावे, हे किती असेल? आमच्या महिला मंडळात आम्ही हे केले. कोणी अच्छेर म्हणाले, बहुतेकींनी पावशेर सांगितले. लिटरभर ओतले तेव्हाही अंदाज फारसा वाढला नाही. कापड भिजले की भिजलेच, मग ते किती भिजले हे डोळ्यांना कळत नाही. बेळगावच्याच संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मोजमापाहून सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला.

मोजमापासाठी त्यांनी प्लास्टिकची एक चादर केली. तिच्या एका टोकाला खाली निमुळती होत जाणारी पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. बाळ जन्मून गर्भजल वाहून गेले की ही चादर बाळंतिणीच्या खाली सारून कमरेला पट्ट्याने बांधावयाची. रक्त पिशवीत उतरते, रेघ वाचता येते. प्रयोगातील नर्सबाई किमान तासभर अशी रेघ वाचीत बसल्या. यांत अवघड असे काहीच नाही. म्हणूनच ते फार वर्षे कोणाला सुचले नसावे. जेथे प्लास्टिकची चादरही मिळत नाही तेथेही लोकांनी वाट काढली आहे. टांझानियातील किगोमा भागात तिकडच्या बायकांचे नित्याचे वस्त्र, ज्यास ते ‘कांगा’ म्हणतात, ते सर्वत्र सारख्या मापाचे असते. दोन कांगा पुरे भिजले म्हणजे धोक्याइतके रक्त गेले, असे सुईणींना शिकविण्यात आले, आणि तेवढे भिजताच औषध देण्यास सांगितले. २००५ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तो वाचताना आम्हांस आजीची चार लुगडी आठवली. दोन भिजताच हाती काही औषध असते, तर तिसऱ्याची वेळ आली नसती.

मोजण्याचा खरा उपयोग कळला तो २०२३ साली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ऐंशी रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर एक पाहणी झाली. निम्म्या रुग्णालयांत मोजपिशवी ठेवली आणि रक्त ठरावीक रेघेपर्यंत आले की सर्व उपाय एका दमात करावयाचे असे ठरविले: पोटावरून गर्भाशय चोळणे, आवळण्याचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची सुई, शिरेतून सलाईन, आणि मार्गाची तपासणी. पूर्वी हे उपाय एकामागून एक, पहिल्याचा गुण येतो का याची वाट पाहत करीत. नेहमीच्या रीतीने चाललेल्या रुग्णालयांत शंभरांपैकी निम्म्याच रक्तस्रावांचा वेळेवर पत्ता लागला. मोजपिशवीच्या रुग्णालयांत ९३ टक्क्यांचा लागला. लिटरभराहून अधिक रक्तस्राव, पोटाची शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नवे औषध यांत एकही नव्हते.

बाकीच्या दोन शत्रूंविषयी थोडक्यात. बाळंतज्वराचे मूळ अस्वच्छ हातांत आहे हे १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी दाखविले. तेथे एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुईणी. आणि विद्यार्थ्यांच्या विभागात मृत्यू कितीतरी अधिक, कारण ते शवविच्छेदन करून तसेच येत. सुईणींना नावे ठेवणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. आपल्याकडे नाळ विळ्याने कापून तीवर राख लावण्याने अर्भके धनुर्वाताने जात. ते संकट लसीने आणि स्वच्छ पात्याने हटले, आणि २०१५ साली भारत त्यातून मुक्त झाल्याचे मान्य झाले. दुसरा शत्रू आकडी. चेहरा व हात सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे ही तिची पूर्वसूचना. रक्तदाब मोजला तर ती बहुधा आधीच कळते, आणि मॅग्नेशियम सल्फेट हे जुने, स्वस्त औषध आकडीचा धोका निम्म्यावर आणते, हे २००२ सालच्या मोठ्या पाहणीत सिद्ध झाले. ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा लावण्यात जो वेळ जातो तो आईच्या जिवातून जातो.

शेवटी सुईणीविषयी. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या शिक्षणासाठी निधी उभारला गेला, तेव्हापासून आपल्या देशात दायांना शिकवावे की वगळावे हा वाद चालू आहे. आमचे मत असे की, परंपरागत सुईणीचे धीर देणारे हात हवेत, पण हातात साधने आणि पाठीशी दवाखाना नसेल तर त्या हातांवर सारा भार टाकणे हा तिच्यावरही अन्याय आहे. आमच्या काकूच्या सुईणीपाशी एकही औषध नव्हते. श्रीलंकेने याचा निकाल फार पूर्वी लावला. १९२६ साली कळुतारा येथे आरोग्य केंद्राची पद्धत सुरू करून त्यांनी गावोगाव शिकलेली, पगारी प्रसाविका नेमली; घरी येणारी, पण दवाखान्याशी जोडलेली. १९३० च्या सुमारास लाखामागे दोन हजारांच्या घरात असलेले त्यांचे मातामृत्यू १९५० पर्यंत सहाशेच्या खाली आले. तो देश तेव्हा आपल्याहून फार श्रीमंत नव्हता. आपल्याकडे तेलंगणाने २०१७ साली परिचारिकांना दीड वर्षाचे प्रसाविकेचे खास शिक्षण देण्यास आरंभ केला, आणि २०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने देशासाठी त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

आमच्या सभासद कुटुंबांना आम्ही विचारू इच्छितो: तुमच्या घरातील गर्भवतीचा रक्तगट घरात किती जणांस ठाऊक आहे? तिला रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे ठरली आहेत काय? रात्री दोन वाजता दवाखान्यात नेण्याचा निर्णय कोणाची परवानगी न विचारता घेण्याचा अधिकार घरातल्या कोणा बाईला आहे काय? दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते; तेथे सासूबाईंनीही सोबत जावे, कारण पुढचे निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतात. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास बाळंतिणीपाशी एक जाणते माणूस बसवावे, पेढे वाटावयास न पाठवता. तिने वेळोवेळी पोटावरून गोळा कठीण आहे ना हे पाहावे, लघवी तुंबू देऊ नये, बाळाला लगेच अंगाला लावावे आणि चीक टाकून देऊ नये. बाळ पिऊ लागले की गर्भाशय आवळण्यास मदत होते. तहान, घुमणे, अस्वस्थता, ‘मला कसेतरी होते’ हे शब्द कानी पडताच पांघरूण वर करून पाहावे.

काकूची ती मुलगी आज साठी ओलांडून गेली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या सुनेचे बाळंतपण बेळगावात झाले तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो होतो. बाळ झाल्यावर तासाभराने नर्सबाई बाहेर आल्या. हातातल्या कागदावर त्यांनी बाळाचे वजन लिहिले होते आणि त्याखाली आणखी एक आकडा: २२०. मोजपिशवीवरची रेघ. आमच्या बहिणीने तो आकडा दोनदा वाचून घेतला आणि मग कागद घडी करून कमरेच्या चंचीत ठेवला.